लोकसभेची निवडणूक पद्धत बदलायची तर आधी यादी कोणाच्या हाती राहणार ते ठरवा

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१४ मध्ये भाजपला देशभरात ३१ टक्के मते मिळाली आणि ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला ४ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि एकही जागा मिळाली नाही. मग लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, पद्धत का आणू नये? त्यासाठी राज्यघटना बदलावी लागेल का? आणि सुरुवात कुठून करता येईल?

मी महसूल खात्यात असताना लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांत सहायक निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून आणि पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीत काम केले आहे. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो. पद्धत बदलायला हवी, असे माझे ठाम मत आहे. पण आजचे मतदारसंघ मोडून सगळे खासदार पक्षांनी दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून, पक्षाला पडलेल्या मतांच्या प्रमाणात, घ्यायला माझा विरोध आहे. आहेत ते मतदारसंघ ठेवून त्यांना यादीतल्या जागांची जोड द्यावी, आणि त्या यादीत कोण वर, कोण खाली, हे पक्षाच्या कार्यालयाने ठरवू नये, मतदाराने ठरवावे. ही शेवटची अट पाळली जाणार नसेल तर आजची पद्धत परवडली, असे मी म्हणेन.

सध्याच्या पद्धतीत नेमके काय घडते ते महाराष्ट्रात फार स्पष्ट दिसते. २०१४ ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांना मिळून राज्यात सुमारे ३४ टक्के मते होती, जागा ४८ पैकी ६. २०१९ ला एकट्या काँग्रेसला १६ टक्क्यांवर मते होती आणि खासदार एकच, चंद्रपूरचा. वंचित बहुजन आघाडीला त्या वर्षी जवळपास ७ टक्के मते पडली, पण तिचा स्वतःचा एकही उमेदवार निवडून आला नाही. २०२४ ला महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत नाममात्र फरक होता; जागा मात्र ३० आणि १७. सहा महिन्यांत विधानसभेला काटा उलटा फिरला आणि महायुतीचे तीन मोठे पक्ष मिळून २८८ पैकी २३० वर गेले. लोकांची मने बदलतात हे खरे, पण एवढी उलथापालथ मनांची नसते, मोजणीच्या रीतीचा त्यात मोठा वाटा असतो. देशपातळीवरही तेच. २०१९ ते २०२४ या काळात भाजपची मते एक टक्क्याहूनही कमी घसरली आणि जागा ३०३ वरून २४० वर आल्या.

या पद्धतीने एकाच पक्षाचे भले होते, असे समजू नका. १९५२ ला काँग्रेसला ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या होत्या. ज्याची मते राज्यभर पातळ पसरलेली आहेत आणि जो कुठेच पहिला येत नाही, तो मारला जातो. आज तो एक असेल, उद्या दुसरा.

आता घटनेचा प्रश्न. पुष्कळांना वाटते की ‘ज्याला सर्वाधिक मते तो विजयी’ हे घटनेत लिहिले आहे. तसे नाही. अनुच्छेद ८१ म्हणतो की लोकसभेचे सदस्य राज्यांतील प्रादेशिक मतदारसंघांतून प्रत्यक्ष निवडणुकीने निवडले जातील. एका मतदारसंघातून एकच सदस्य, हेही त्यात नाही. पहिल्या निवडणुकीत ८६ मतदारसंघ दोन सदस्यांचे होते आणि एक तर तीन सदस्यांचा. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने मोडले. मोजणीनंतर निर्णय अधिकारी ज्या आधारावर निकाल जाहीर करतो तो आधार आहे निवडणूक आचरण नियम, १९६१ मधला नियम ६४: ज्या उमेदवाराला सर्वाधिक वैध मते पडली असतील त्याला निवडून आल्याचे घोषित करावे. म्हणजे मतदारसंघातच मोजणीची रीत बदलायची तर लोकप्रतिनिधित्व कायद्यात आणि नियमांत बदल पुरेल. पण राज्यभराच्या यादीतून खासदार घ्यायचे तर अनुच्छेद ८१ ला हात लावावा लागेल, आणि त्यासाठी दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागेल. जो पक्ष आजच्या पद्धतीने सत्तेवर आला आहे तो ते सहजी देणार नाही, हे समजून चालावे.

घटना समितीत हा विषय झाला होता. जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि मते एकवटण्याची मुभा असलेली पद्धत सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. कारणे दोन: देशात साक्षरता फार कमी आहे, आणि अशाने सभागृहात इतके गट होतील की सरकार टिकणार नाही. यामागची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत हीच मते एकवटण्याची सोय होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या वेळी १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. ते स्वतः भायखळा-परळ मतदारसंघातून आले. १९५२ ला मुंबई शहर उत्तर हा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता, पण नियम बदललेला होता. दोन मते दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि एकाच पेटीत दोन्ही मतपत्रिका टाकल्या तर एक बाद होई. त्या निवडणुकीत आंबेडकर हरले. केवळ नियमामुळे हरले, असे मी म्हणणार नाही. काँग्रेसची लाट होतीच. पण छोट्या, एकसंध गटाला आपली ताकद एका जागी लावण्याचा जो मार्ग १९३७ ला होता, तो १९५२ ला बंद झाला होता, एवढे निश्चित.

साक्षरतेचे कारण आज उरलेले नाही. तरीही उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहिण्याची पद्धत लोकसभेला लावावी, असे मला वाटत नाही. ही पद्धत आपण राज्यसभा, विधान परिषद आणि राष्ट्रपती निवडणुकीत वापरतो. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत ४१ च्या आसपासचा कोटा (निवडून येण्यासाठी लागणारी मते) आणि दुसऱ्या पसंतीच्या मतांवर सहावी जागा कशी फिरली, ते महाराष्ट्राने रात्रभर जागून पाहिले. तिथे मतदार तीनशेच्या आत आणि सगळे शिकवून तयार केलेले, तरीही एक मत बाद झाले. पदवीधर मतदारसंघात तर मतदार पदवीधरच असतो, आणि तिथेही हजारोंनी मते बाद होतात. कोणी आकड्याऐवजी बरोबरची खूण करतो, कोणी दोघांपुढे १ लिहितो, कोणी केंद्रावर दिलेले जांभळे पेन सोडून स्वतःचे पेन वापरतो. मोजणी दुसऱ्या दिवसावर जाते, कारण एकेक उमेदवार बाद करून त्याच्या गठ्ठ्यातल्या मतपत्रिका पुन्हा वाटाव्या लागतात. टेबलावर बसलेल्या माणसांचे डोळे पहाटेपर्यंत काम देईनासे होतात, आणि प्रत्येक संशयास्पद मतपत्रिकेवर प्रतिनिधी हुज्जत घालतात. हे पंधरा-वीस लाख मतदारांच्या लोकसभा मतदारसंघात करायचे म्हणजे यंत्रे सोडून पुन्हा कागदावर जायचे. मी तो सल्ला देणार नाही.

दुसरी सूचना नेहमी होते ती दोन फेऱ्यांची: पन्नास टक्के मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. २००२ मध्ये घटना आढावा आयोगानेही याची चर्चा केली. २०२४ ला महाराष्ट्रात पाच टप्प्यांत आणि देशात सात टप्प्यांत, १९ एप्रिल ते १ जून मतदान चालले. तेच शिक्षक, तेच पोलीस, तेच तलाठी पुन्हा बाहेर काढायचे, आणि आचारसंहिता आणखी लांबवायची. एवढे करूनही वंचितच्या ७ टक्क्यांना काहीच मिळत नाही. दुसऱ्या फेरीत ते दोघांपैकी एकाला मत देतील, इतकेच. मूळ दुखणे तसेच राहते.

म्हणून मिश्र पद्धत, म्हणजे मतदारसंघही आणि यादीही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा २५ टक्क्यांनी वाढवून त्या वाढीव जागा यादीतून भराव्यात आणि निदान ५ टक्के मते मिळवणाऱ्या पक्षालाच त्या द्याव्यात, असे सुचवले होते. मला ती दिशा मान्य आहे. पण वाढीव जागा वाटायच्या कशा, यावर सगळे अवलंबून आहे, आणि नेमके हेच चर्चेत सुटते. महाराष्ट्रात ४८ च्या जोडीला १२ जागा आल्या असे धरून २०१९ च्या मतांवर मी हिशेब मांडला.

पहिला प्रकार समांतर वाटपाचा. बारा जागा मतांच्या प्रमाणात सरळ वाटायच्या, मतदारसंघात काय झाले ते पाहायचे नाही. नेपाळमध्ये असे आहे: २७५ पैकी १६५ मतदारसंघांतून आणि ११० यादीतून. आपल्या हिशेबात भाजपला ४, शिवसेनेला ३, काँग्रेस आणि राष्ट्रवादीला प्रत्येकी २, वंचितला १. एकूण पाहिले तर भाजप २७, शिवसेना २१, काँग्रेस ३. अन्याय तसाच, फक्त सभागृह मोठे.

दुसरा प्रकार भरपाईचा, जो जर्मनीत आणि न्यूझीलंडमध्ये आहे. आधी पाहायचे की साठ जागांत मतांप्रमाणे कोणाचा किती वाटा होता आणि मतदारसंघांतून किती मिळाल्या; ज्याला कमी मिळाल्या त्याची तूट यादीतून भरायची. आपल्या हिशेबात बाराच्या बारा जागा तीन पक्षांत जातात: काँग्रेसला ६, राष्ट्रवादीला ३, वंचितला ३. तरी भाजप-सेना साठपैकी ४१ वर, म्हणजे स्पष्ट बहुमतात राहतात. सरकार अस्थिर होईल, ही भीती किती ताणायची ते यावरून समजावे. तेव्हा कोणी ‘मिश्र पद्धत आणतो’ म्हणाले तर पहिला प्रश्न हाच विचारा: समांतर की भरपाईची?

या हिशेबातली एक उणीव सांगायलाच हवी. २०१९ ला भाजप २५ आणि शिवसेना २३ जागांवर लढली. म्हणजे भाजपच्या मतदाराला जवळपास निम्म्या राज्यात कमळाचे बटणच नव्हते. अशा आकड्यांवर कोणाची खरी ताकद ठरत नाही. म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मते हवीत, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक यादीसाठी. ते अवघड नाही. १९९९ ला महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकदमच झाल्या होत्या. पांढरी मतपत्रिका लोकसभेची, गुलाबी विधानसभेची, आणि खेड्यातल्या मतदारानेही ते नीट पार पाडले. आंध्र आणि ओडिशात आजही दोन यंत्रे शेजारी शेजारी लावून दोन्ही मतदाने एका दिवशी होतात.

आता मला ज्याची खरी काळजी आहे त्या मुद्द्याकडे येतो. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात दुपारी तीनच्या आधीचा अर्धा तास ज्याने पाहिला आहे त्याला आपल्या लोकशाहीतले सगळ्यात ताकदवान कागद कोणते ते सांगावे लागत नाही. ते एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारे कागद. पक्षाच्या पदाधिकाऱ्याची शाईची सही असलेला बी फॉर्म तीनच्या आत आला तर चिन्ह मिळते, नाहीतर पाच वर्षे गावोगाव फिरलेला माणूस अपक्ष ठरतो. एकाच पक्षाचे दोन फॉर्म दोन माणसे घेऊन आलेली मी पाहिली आहेत. अशा वेळी आधीचा फॉर्म रद्द केल्याचे पक्षाने लिहून दिले नसेल तर ज्याचा अर्ज आधी आला त्याला चिन्ह द्यावे, असे चिन्हविषयक आदेशात आहे. बाहेर एक जण गुलाल उधळतो, दुसरा भिंतीला टेकून रडतो. मतदाराचा या सगळ्याशी काडीचा संबंध नसतो. ज्यांना आपण निवडून देतो म्हणतो, त्यांची अर्धी निवड या सहीने आधीच झालेली असते.

निदान आज त्या सहीवर एक अंकुश आहे. माणूस अगदीच नकोसा असेल तर मतदारसंघ त्याला पाडतो. बंद यादीत, म्हणजे जिचा क्रम पक्ष ठरवतो आणि मतदार बदलू शकत नाही अशा यादीत, तो अंकुशही जातो. यादीत पहिल्या क्रमांकावर ज्याचे नाव, तो पक्षाला थोडीबहुत मते पडली की खासदार झालाच. नेपाळमध्ये यादीतल्या जागांमुळे स्त्रिया, दलित, जनजाती, मधेशी मोठ्या संख्येने संसदेत आले, ही फार मोठी कमाई आहे. पण क्रम बदलण्याचा अधिकार मतदाराला नाही, आणि नेत्यांच्या घरातली माणसे त्याच दाराने आत येतात ही तक्रार तिथे सतत ऐकू येते. आपल्याकडे घराणी काय करू शकतात ते मी महाराष्ट्राच्या वाचकाला सांगायला नको.

म्हणून यादी खुली हवी. फिनलंडमध्ये मतदार एका उमेदवाराच्या क्रमांकालाच मत देतो. ते मत आधी त्याच्या पक्षाच्या खात्यात मोजले जाते, आणि पक्षाच्या वाट्याला जितक्या जागा येतील तितके, सर्वाधिक व्यक्तिगत मते असलेले उमेदवार निवडले जातात. महाराष्ट्रासाठी मी असे सुचवेन. राज्यात महसुली विभाग सहा आहेत: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. प्रत्येक पक्षाने प्रत्येक विभागासाठी तीन नावे द्यावीत, त्यांत निदान एक स्त्री असावी, आणि अनुसूचित जाती-जमातींचा राज्यातला वाटा यादीतही राखला जावा. दुसऱ्या यंत्रावर आपल्या विभागातली ही नावे पक्षवार लावलेली असतील. मतदाराने एका नावापुढचे बटण दाबायचे. पक्षाचे मत राज्यभराचे एकत्र मोजायचे, आणि जागा कोणाला ते त्या नावांच्या मतांवर ठरवायचे. दहा पक्ष धरले तरी तीस नावे होतात. एका मतदान युनिटवर सोळा बटणे असतात, म्हणजे दोन युनिटांत काम होते. अमरावती विभागातला माणूस मुंबईत बसलेल्या कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

खुल्या यादीला किंमत आहे. श्रीलंकेत मतदार पक्षाला मत देऊन वर तीन उमेदवारांना पसंती देतो, आणि तिथे एकाच पक्षाचे उमेदवार परस्परांशी भांडतात, प्रचाराचा खर्चही वाढतो. हे आपल्याकडेही होईल. तीनच नावे ठेवण्यामागे माझा तोच विचार आहे. ही किंमत मला बंद यादीच्या किमतीपेक्षा कमी वाटते.

महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये जे पाहिले त्यानंतर आणखी एक तरतूद लागेल. यादीतून आलेला खासदार पक्ष सोडून गेला तर त्याची जागा यादीतल्या पुढच्याला मिळावी, हे सोपे उत्तर आहे. पण पक्षच फुटला, आणि नाव व चिन्ह एका गटाकडे गेले, तर यादी कोणाची? माझे उत्तर असे, की निवडणुकीत दाखल झालेली यादी त्या लोकसभेच्या मुदतीपुरती गोठवावी. रिकामी जागा त्याच यादीतल्या, त्याच निवडणुकीत मिळालेल्या मतांच्या क्रमाने भरावी. पक्षाचे नाव पुढे कोणाकडेही जावो, यादीत नवे नाव घालण्याचा अधिकार कोणालाच नसावा. अनुच्छेद ८१ ची दुरुस्ती करतानाच हे लिहिले पाहिजे. मागाहून ते कधीच होत नाही.

लहान राज्यांचे काय, हेही तुमच्या मनात येईल. गोव्यात लोकसभेच्या दोनच जागा. मिझोराम, नागालँड, सिक्कीममध्ये एकेकच. तिथे राज्यापुरती भरपाई करायला जागाच नाहीत. ईशान्येकडची राज्ये एकत्र करून एक यादी होऊ शकेल. गोवा महाराष्ट्राच्या यादीत घालावा, असे मात्र मी म्हणणार नाही. गोवेकरांना ते आवडणार नाही आणि त्यांचे म्हणणे रास्त असेल. तिथे आहे तसेच राहू द्यावे.

हे दिल्लीत व्हायला वेळ लागेल. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ ला मते जास्त मिळूनही मजूर पक्ष विरोधात बसला, १९८६ ला आयोगाने बदल सुचवला, १९९२ आणि १९९३ ला सार्वमते झाली आणि नव्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली १९९६ मध्ये. तो देश पन्नास लाखांचा आहे.

आपल्याला संसदेची वाट न पाहता एक गोष्ट करता येते. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी चार जागांचे. मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते देतो आणि पुष्कळदा एकच पॅनेल चारही जागा घेऊन जाते. चाळीस टक्के मते शंभर टक्के जागा नेतात. तीन-चार वेगळ्या नियमांनी मोजून पाहण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही, कारण महापालिका कायदा राज्य विधिमंडळाच्या हातात आहे. प्रभागातल्या चार जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात, खुल्या यादीने आणि सध्याचे आरक्षण सांभाळून वाटायच्या, अशी दुरुस्ती एखाद्या आमदाराने अशासकीय विधेयक म्हणून मांडली तरी चर्चा सुरू होईल. तुमच्या अभ्यासाचा विषय हाच असेल तर तुमच्या शहराच्या मागच्या महापालिका निवडणुकीचे प्रभागवार निकाल मिळवा, प्रत्येक पक्षाच्या अ, ब, क, ड उमेदवारांच्या मतांची सरासरी काढा आणि त्या प्रमाणात चार जागा वाटून पाहा. किती प्रभागांत दुसऱ्या पक्षाला निदान एक नगरसेवक मिळाला असता, तो आकडा घेऊन आपल्या आमदाराकडे जा.